पोलादाचे हरवलेले पाणी

स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहराच्या इतिहास संग्रहालयात काही जुन्या तलवारींचे तुकडे जपून ठेवलेले आहेत. लढाईत मोडलेल्या तलवारींचे हे तुकडे नव्हेत. तलवारी चांगल्या धडधाकट होत्या, मौल्यवान होत्या आणि एका संग्राहकाच्या दिवाणखान्याची शोभा होत्या. त्या एका शास्त्रज्ञाने मुद्दाम कापल्या आणि मालकाने त्या राजीखुशीने कापू दिल्या.

मालकाचे नाव हेन्री मोझर. हा स्विस गृहस्थ मध्य आशियात आणि इराणात पुष्कळ हिंडला होता. हिंडता हिंडता त्याने पूर्वेकडच्या शस्त्रांचा मोठा संग्रह जमवला आणि १९१४ साली तो बर्नच्या संग्रहालयाला देऊन टाकला. त्यातल्या चार तलवारी आणि दोन खंजीर त्याने चोके नावाच्या एका धातुशास्त्रज्ञाच्या हवाली केले. खंजिरांचे आणि तलवारींचे काप काढून, त्यांची रासायनिक परीक्षा करून चोके यांनी १९२४ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ही तलवार पुन्हा कशी घडवायची?

प्रश्न साधा वाटतो. वस्तू समोर आहे. लांबी मोजा, वजन करा, वाक पाहा आणि तशी दुसरी करा. पण या तलवारींची नक्कल सगळ्या युरोपाला शंभर-सव्वाशे वर्षे साधली नव्हती. ती साधली ती थेट विसाव्या शतकाच्या अखेरीस. साधणाऱ्यांत एक होता अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा घोड्यांना नाल ठोकणारा माणूस आणि दुसरा आयोवाचा एक प्राध्यापक. त्या तलवारीचे पोलाद मात्र ना स्वित्झर्लंडचे, ना इराणचे. ते आपल्या दक्षिणेचे. म्हणून ही गोष्ट मराठी घरात सांगायला हवी.

आधी ते पोलाद कसे दिसते ते सांगतो. पाते नीट उजळून त्यावर सौम्य आम्ल फिरवले की करड्या पृष्ठभागावर पांढुरक्या रेघांची नक्षी उमटते. वाऱ्याने तळ्याच्या पाण्यावर लहरी उठाव्यात तशी. ही नक्षी वरून कोरलेली नसते, ती पोलादाच्या अंगातच असते. घासून काढली तरी पुन्हा उमटते. फारसी जाणणारे तिला ‘जौहर’ म्हणत. आपल्याकडे ‘पाणीदार’ हा शब्द आहे. तलवारीचे पाणी, मोत्याचे पाणी, माणसाच्या डोळ्यांतले पाणी असे आपण सहज बोलतो. लोहारसुद्धा विळ्याला ‘पाणी पाजतो’. तापलेले पाते पाण्यात बुडवण्याची ती क्रिया वेगळी आणि ही पात्यावरची लहर वेगळी. पण चांगल्या पोलादाचे नाते पाण्याशी जोडावे असे आपल्या पूर्वजांना वाटले, हे मात्र खरे.

युरोपातल्या लोकांनी या तलवारींना दमास्कसचे नाव दिले. त्या तिथल्या बाजारात मिळत, एवढाच त्या शहराचा अधिकार. पोलाद तयार होई ते आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू या भागांत आणि श्रीलंकेत. कानडी-तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्याचा उच्चार आणि स्पेलिंग यांत गोंधळ होत होत इंग्रजीत ‘वूट्झ’ असा विचित्र शब्द तयार झाला आणि जगभरच्या पुस्तकांत तोच रूढ झाला.

कृती ऐकायला घरगुती वाटेल अशी. माती आणि भाताचे तूस एकत्र मळून छोट्या मुशी करायच्या. मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे. त्यावर तरवडाच्या वाळक्या काटक्या आणि रुईसारख्या झाडाची हिरवी पाने टाकायची. तोंड मातीने लिंपून बंद करायचे. अशा कित्येक मुशी भट्टीत रचून भाते चालवत राहायचे. आत लोखंड लाकडातला कोळसा शोषून घेते, वितळते आणि मूस सावकाश थंड झाली की तळाशी तळहातावर मावेल अशी पोलादाची वडी मिळते. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड आणि बांधावरची रुई यांचा जगातल्या सर्वांत नावाजलेल्या तलवारीशी असा संबंध आहे, हे इंग्रज प्रवाशांनी अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला लिहून ठेवले नसते तर कुणाला खरेही वाटले नसते.

तेलंगणात निजामाबादच्या बाजूला कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. नांदेडकरांना ते फार लांब नाही. गोवळकोंड्याच्या अमलात आणि नंतरही हे गाव अशा वड्यांसाठी प्रसिद्ध होते. इराणचे व्यापारी तिथवर येत, मुक्काम ठोकून माल पारखून घेत. १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या व्हॉयसी नावाच्या इंग्रजाच्या टिपणात या व्यापाऱ्यांची हकिगत आहे. वड्या मच्छलीपट्टणच्या बंदरातून किंवा खुष्कीच्या मार्गाने इराणला जात, तिथले लोहार त्यांची पाती ठोकत आणि तीच पाती रत्नजडित मुठी लेवून राजेरजवाड्यांच्या कमरेला येत.

यात एक गमतीचा उलट प्रवाह आहे. दख्खनच्या वड्या इराणला जात होत्या त्याच काळात युरोपात घडलेली लांब, सरळ पाती दख्खनला येत होती. आपले लोक त्यांना ‘फिरंग’ म्हणत आणि त्यांवर आपली मराठा घाटाची मूठ चढवत. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने घेतली आणि ती मुंबईला आली तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. तिचे पातेही युरोपीय आहे. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि रघूजींचे नाव आहे. मूठ इथली, पाते तिथले. शस्त्राला देशाभिमान नसतो. हाताला जे मानवते ते शूर माणूस उचलतो.

युरोपला या नक्षीदार तलवारींचे वेड लागले त्यात कादंबरीकारांचाही हात आहे. मी त्या जातीचा असल्याने हे जरा अभिमानाने सांगतो. सर वॉल्टर स्कॉटच्या १८२५ सालच्या ‘द टॅलिस्मन’ या कादंबरीत इंग्लंडचा राजा रिचर्ड आपल्या दणकट तलवारीने लोखंडी गदेचे दोन तुकडे करतो आणि सुलतान सलादिन आपल्या नाजूक वाकड्या तलवारीने रेशमी उशी अलगद कापून दाखवतो. प्रसंग कल्पित, पण इतका चित्रमय की पुढे तो इतिहास म्हणूनच सांगितला जाऊ लागला.

शास्त्रज्ञ मात्र कादंबरीच्या आधीच कामाला लागले होते. आणि सुरुवात झाली आपल्या मुंबईतून. १७९४ साली मुंबईतले कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. स्टोडार्ट नावाचे लंडनचे एक नामांकित चाकू-कात्र्या घडवणारे कारागीर या पोलादाच्या प्रेमातच पडले. शस्त्रवैद्यांच्या हत्यारांसाठी यासारखे दुसरे पोलाद नाही, असे त्यांचे मत झाले. त्यांच्या जोडीला आला एक तरुण, मायकेल फॅरडे. वीज आणि चुंबक यांचा तो जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. पण मुळात लोहाराचा मुलगा. १८१९ ते १८२२ या काळात दोघांनी वूट्झचे पृथक्करण केले आणि तसे पोलाद बनवण्यासाठी प्लॅटिनमपासून चांदीपर्यंत नाना धातू पोलादात मिसळून पाहिले. वूट्झ काही हाती लागले नाही, पण मिश्रपोलादाच्या शास्त्राचा पाया घातला गेला. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँ यांनी या पोलादाचे मर्म त्यातल्या भरपूर कार्बनात आहे, हे १८२० च्या दशकात ओळखले. रशियात उरल पर्वतातल्या झ्लातोउस्त गावी अनोसोव या खाण अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खटपट केली आणि १८४१ मध्ये आपले निष्कर्ष छापले. नक्षीच्या बऱ्याच जवळ तो गेला. पण त्याच्यामागे ती विद्या टिकली नाही.

युरोपच्या लोहारांची अडचण आणखीच मूलभूत होती. त्यांच्या हातात वडी दिली तर ती ठोकताच येईना. त्यांना सवय होती पांढरेशुभ्र होईपर्यंत लोखंड तापवून घण घालण्याची. त्यांच्या लोखंडात कार्बन कमी, त्यामुळे ते चाले. वूट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त. इतक्या तापमानाला ते घणाखाली भेंडाळलेल्या विटेसारखे फुटून जाई. ते ठोकायचे असते मंद लाल-केशरी रंगावर, हलक्या हाताने, पुनःपुन्हा तापवून. इराणी लोहाराला हे ठाऊक होते. त्याने ते लिहून ठेवले नव्हते, कारण वाचणार कोण? त्याचा मुलगा शेजारी बसून भाता ओढत होता आणि पाहत होता. तेवढे पुरेसे होते.

आता चोके यांच्या कापलेल्या तलवारींकडे पुन्हा येतो. तपासणीत एक गोष्ट निघाली ती अनेकांचा हिरमोड करणारी. या तलवारी फार कठीण नव्हत्या. आजच्या चांगल्या सुरीचे पाते त्यांच्यापेक्षा कितीतरी कठीण असते. त्यांच्या काळात त्या उत्तम होत्या यात शंका नाही, कारण इतरांच्या तलवारींत कचरा आणि भेगा असत, धार टिकत नसे. पण रेशमी रुमाल हवेत फेकून कापणारी, कधीच न मोडणारी जादूची तलवार काही त्या तुकड्यांत सापडली नाही. सापडली ती नक्षी आणि तिच्यामागचे न उलगडलेले कोडे. तुकडे कपाटात गेले.

इथे नक्कल म्हणजे काय, याचा थोडा विचार करायला हवा. माझी नोकरीची वर्षे बँकेत गेली. त्या काळी चेक आला की कपाटातून नमुना सहीचे कार्ड काढून सही ताडून पाहावी लागे. नवशिका कारकून अक्षरांचे आकार बघतो. मुरलेला माणूस आकार बघतच नाही. खोट्या सहीत आकार बहुधा अगदी बरोबर असतात, किंबहुना जरा जास्तच बरोबर असतात. चुकते ती गती. मालक झरकन सही करतो, नक्कल करणारा ती चित्रासारखी काढतो, आणि रेघ कुठे तरी थबकते, कापते. तलवारीचेही असेच आहे. लांबी-रुंदी जुळवून, पात्यावर आम्लाने नक्षी उठवून ‘दमास्कस’ म्हणून विकणारे त्या काळीही होते, आजही आहेत. आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून ज्या सुऱ्या मिळतात त्यांतल्या बहुतेक दोन वेगवेगळ्या पोलादांचे थर एकावर एक ठोकून, दुमडून केलेल्या असतात. दिसायला सुंदर, करायला अवघड, आणि ती स्वतंत्र जुनी कलाच आहे. पण वूट्झची नक्षी थरांची नव्हे. ती एकाच वडीतून आपोआप उमलते. खरी नक्कल करायची तर आकार नव्हे, ते उमलणे साधायला हवे.

ते साधायचा ध्यास ॲल्फ्रेड पेंड्रे यांनी घेतला. फ्लोरिडातल्या विलिस्टन या गावचे हे गृहस्थ व्यवसायाने नालबंद. घोड्यांना नाल ठोकता ठोकता सुऱ्या बनवू लागले आणि सुऱ्यांवरून वूट्झच्या वेडाला लागले. घरामागच्या भट्टीत मुशी भरायच्या, वड्या काढायच्या, ठोकायच्या. कधी नक्षी येई, बहुतेकदा येत नसे. का आली, का गेली, सांगता येत नसे. त्यांची गाठ पडली आयोवा राज्य विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हेन यांच्याशी. एकाच्या हाताला घण पेलण्याची सवय, दुसऱ्याच्या डोळ्याला सूक्ष्मदर्शकाची. अशा जोड्या आपल्याकडे का जमत नाहीत, असा प्रश्न मनात येतोच. आपल्याकडे प्राध्यापक कारागिराची मुलाखत घेतो, फार तर फोटो काढतो. त्याच्या शेजारी वर्षानुवर्षे उभा राहून काजळी अंगावर घेत नाही.

या दोघांनी घेतली. शुद्ध लोखंड, कोळसा, काचेचे तुकडे आणि हिरवी पाने मुशीत घालून ते वड्या करत. काच वितळून वर साय धरते आणि पोलादाचे हवेपासून रक्षण करते. पाने म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. पानांतून निघणारा हायड्रोजन लोखंडात कार्बन मुरायला मदत करतो. तरवडाच्या काटक्या आणि रुईची पाने घालणारा आपला अनामिक लोहार काही खुळा नव्हता.

मग लक्षात आले की लोखंड कुठले घ्यायचे यावर सारे अवलंबून आहे. अगदी शुद्ध लोखंड घेतले तर नक्षी काही केल्या उमटत नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या खनिजापासून तयार होणारे ‘सोरेल’ नावाचे एक ओतीव लोखंड आहे, ते मिसळले की नक्षी हुकमी येते. म्हणजे त्या खनिजातच काहीतरी होते. शोधत शोधत ते सापडले. व्हॅनेडियम नावाच्या धातूचा अंश. किती? शंभरात ०.००३ भाग, इतका कमी असला तरी पुरतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शंभर रुपयांत एका पैशाचा जेमतेम तिसरा हिस्सा. कुठल्याही रोखपालाने हिशेबात धरू नये एवढी रक्कम. दहा किलो पोलादात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पण तेवढ्यावर नक्षी उभी आहे. फॅरडेला ते सापडणे शक्यच नव्हते. त्याने वूट्झ तपासले त्यानंतर आठ-दहा वर्षांनी, १८३० साली, स्वीडनमध्ये या मूलद्रव्याची खात्रीशीर ओळख पटली.

हे घडते कसे, ते खडीसाखरेवरून समजून घेता येईल. साखरेचा दाट पाक निवत ठेवला आणि त्यात दोरा सोडला की दोऱ्याभोवती खडे धरतात. दोरा नसेल तर साखर कुठेही, कशीही बसते. वडी मुशीत सावकाश निवताना पोलादाचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात आणि व्हॅनेडियमचे कण त्या फांद्यांच्या मधल्या जागांत ढकलले जातात. पुढे ठोकताना वडी चपटी होते तशा या जागा ओळीने मांडल्या जातात. हा झाला दोरा. लोहार पाते तापवतो तेव्हा पोलादातले लोह-कार्बनचे कठीण कण काही अंशी विरघळतात, निवताना पुन्हा धरतात, आणि दर खेपेला या अदृश्य दोऱ्याभोवती जरा अधिक धरतात. एका तापवण्याने काही दिसत नाही. पेंड्रे यांना एका पात्यासाठी पन्नासच्या आसपास वेळा तापवणे आणि ठोकणे करावे लागे. तेव्हा कुठे पांढऱ्या रेघा जुळून येत. पाते भलतेच तापवले की नक्षी पुसली जाते. पण दोरा जागच्या जागी असतो, त्यामुळे मंद आचेवर पुन्हा आवर्तने केली की ती परतते. नक्षी ही लोहाराच्या संयमाची नोंदवही आहे, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

पेंड्रे यांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. काही जुन्या तलवारींवर लहरींच्या मधूनमधून आडव्या पट्ट्या दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मुसलमानी जगात तिला पैगंबरांची शिडी म्हणत. त्यांनी पात्यावर आडव्या खाचा पाडल्या आणि मग पाते ठोकून सपाट केले. शिडी उमटली. गुलाबाच्या फुलासारखी नक्षीही तशीच साधली. बर्नच्या संग्रहालयाने चोके यांच्या जुन्या तुकड्यांतले नमुने व्हर्होव्हेन यांना तपासायला दिले. त्या तलवारींतही असेच सूक्ष्म अंश निघाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुने व नवे पाते सारखे दिसले. १९९८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मोझरने तलवारी कापायला दिल्या त्याला तोवर पाऊण शतक होत आले होते.

मग ही विद्या बुडाली का? इथे व्हर्होव्हेन यांनी जो तर्क मांडला तो मला सगळ्या गोष्टीतला सर्वांत चटका लावणारा वाटतो. सगळ्याच खनिजांत व्हॅनेडियम नसते. ज्या खाणींतून ते येत होते त्या संपल्या किंवा बदलल्या असतील. लोहाराने नेहमीसारखीच मूस भरली, तीच काटकी, तीच पाने, तीच आच. आणि नक्षी आली नाही. काय बिघडले त्याला कळेना. त्याने भट्टीला दोष दिला असेल, नशिबाला दिला असेल, पोराच्या आळसाला दिला असेल. दहा वड्या फुकट गेल्यावर तो विळे-कोयते करू लागला. मुलाला त्याने नक्षीची विद्या शिकवलीच नाही, कारण ती आता खरी ठरत नव्हती. दोन पिढ्यांत सगळे संपले.

हे वाचताना मला ऐंशीच्या दशकातला नांदेड जिल्ह्यातला एक लोहार आठवला. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत कारागिरांना कर्ज द्यायचे होते आणि मी चौकशीला गेलो होतो. ट्रकचे जुने कमानपाटे विकत घेऊन तो त्यांचे कोयते आणि वखराच्या पासा करी. भंगारवाल्याने वीस पाटे आणून टाकले होते. हा एकेक उचलून ऐरणीवर वाजवत होता आणि बाजूला करत होता. वीसांतले सहा ठेवले, बाकीचे परत. मी विचारले, कसे ओळखता? तो म्हणाला, “आवाजातनं कळतंय सायेब. ह्यात जीव हाय, त्यात न्हाई.” जीव म्हणजे काय? त्याने जरा विचार केला आणि सांगितले, “बाप बी असंच वाजवून घ्यायचा.” माझ्या अर्जात ‘तांत्रिक ज्ञान’ असा एक रकाना होता. मी तिथे ‘परंपरागत’ असे लिहिले आणि सही केली. दुसरा शब्द त्या रकान्यासाठी मला तेव्हाही सापडला नाही आणि आजही सापडत नाही.

त्या लोहाराला ‘कोणता’ हे ठाऊक होते, ‘का’ हे ठाऊक नव्हते. जोवर पाटे तसेच येत राहतात तोवर ‘का’ची गरज पडत नाही. ज्या दिवशी कारखाना मिश्रण बदलतो त्या दिवशी बापाचा कान निरुपयोगी होतो. हाताच्या विद्येचे सामर्थ्य आणि तिची नाजूक जागा ही एकच आहे.

अर्थात खाण हेच एकमेव कारण नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे स्वस्त पोलाद बंदरांतून उतरू लागले. जंगलावर सरकारी बंधने आली आणि कोळसा महागला. राजेरजवाडे गेले, फौजा मोडल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. खाण, बाजार आणि राज्य या तिन्ही बाजूंनी एकाच वेळी पाणी आटले. त्यातल्या पहिल्या कारणाचा शोध मूठभर तुकड्यांतून लागला, हे विशेष.

तुकड्यांची कहाणी तिथे थांबली नाही. २००६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्नच्याच एका तुकड्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले आणि जगभर बातम्या झाल्या. आपल्याकडेही ‘प्राचीन भारताचे नॅनो तंत्रज्ञान’ असे मथळे आले. तलवारीचे गुण त्या नळ्यांमुळे होते, हे मात्र सर्व तज्ज्ञांना पटलेले नाही. आणि मला विचाराल तर आपल्या लोहाराला नॅनो तंत्रज्ञ म्हणण्याची गरजही नाही. तो उत्तम लोहार होता. एवढी पदवी कमी वाटते, यातच आपले काहीतरी चुकते आहे.

आता राहिला अवघड प्रश्न. मोझरने तलवारी कापू दिल्या ते बरोबर केले का? अशी विनंती आपल्या एखाद्या संग्रहालयाकडे आली तर आपण संतापाने उठू, आणि ते स्वाभाविक आहे. रघूजींच्या तलवारीचा काप काढू असे कुणी म्हटले तर मीही मोर्चात सामील होईन. एखादी वस्तू कुणाच्या तरी हातात होती म्हणून ती मोलाची असते, तिला करवत लावणे पाप आहे. सुदैवाने आज न कापताही पोलादाच्या अंतरंगाची पुष्कळशी माहिती मिळवता येते. पण मोझरच्या काळी ती सोय नव्हती आणि त्याच्याकडे एकाच जातीच्या अनेक तलवारी होत्या. त्याने सहा वस्तू खर्ची घातल्या. त्याला स्वतःला त्यातून काहीच मिळाले नाही. १९२३ साली तो वारला, तेव्हा चोके यांचा अभ्यास छापूनही झाला नव्हता.

बँकेत आम्ही मुदत ठेवीची पावती देताना मुदतीची तारीख लिहीत असू. संग्रहालयातल्या ठेवीला तारीख नसते. कोण, कधी, कशासाठी ती काढायला येईल हे ठेवणाऱ्याला ठाऊक नसते. मोझरची ठेव काढायला त्याच्या मृत्यूनंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी फ्लोरिडाचा एक नालबंद आला. आणि तुकडे जागेवर होते. चिठ्ठ्या लावलेले, नोंदलेले, न हरवलेले. मला त्या नक्षीइतकेच कौतुक बर्नच्या त्या अनामिक कारकुनांचे वाटते, ज्यांनी पाऊण शतकात एकदाही ‘हे भंगार कशाला ठेवले आहे’ असे म्हणून कपाट रिकामे केले नाही.

पेंड्रे २०१७ साली वारले. पण त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नाही. कृती छापलेली आहे, प्रमाणे दिलेली आहेत, यशाबरोबर अपयशेही नोंदलेली आहेत. आज अनेक देशांतले लोहार ती वाचून मुशी भरतात आणि वडी काढतात. कोनसमुद्रमच्या लोहाराला जे जमले नाही ते पेंड्रे यांना जमले, ते त्यांचा हात अधिक कसबी होता म्हणून नव्हे. त्यांच्या शेजारी लिहून घेणारा माणूस उभा होता म्हणून.

आपल्या गावोगावच्या ऐरणी आता थंड होत चालल्या आहेत. धार लावत दारोदार फिरणारे शिकलगार, ज्यांचे पूर्वज तलवारी उजळत, क्वचितच दिसतात. मुंबईच्या किंवा पुण्याच्या संग्रहालयात मुलांना घेऊन गेलात तर शस्त्रांच्या कपाटापाशी जरा जास्त वेळ थांबा. ही कुणाची, हे पाटीवर लिहिलेले असते. ही कुणी घडवली, हे बहुधा नसते. मुलांनी विचारले तर त्यांना तरवडाची आणि रुईची गोष्ट सांगा. आणि गावाकडे अजून भाता चालवणारा एखादा म्हातारा असेल, तर पुढच्या खेपेला जाताना वही घेऊन जा. तो ‘आवाजातनं कळतंय’ असे म्हणाला की तिथेच वही मिटू नका. दुसरा पाटा वाजवायला सांगा, आणि काय ऐकू येते ते लिहा.